त्याचा तलाव, माझी बोडी

ज्या दिवशी माझ्या मित्राला अग्नी दिला, त्या दिवशी पहाटे मी त्याच्या तलावावर सारस मोजत बसलो होतो. हे ऐकलं की लोकांचे डोळे भरून येतात. वा, काय दोस्ती! मित्राचं अर्धवट काम आधी पुरं केलं, मग त्याला पोचवायला गेला! मी चहा घ्या म्हणतो. दोस्ती-बिस्ती काही नव्हतं त्यात. मला तो तलाव पाहिजे होता. आठ वर्षांपासून पाहिजे होता, आणि मित्र जिवंत असेपर्यंत तो मला मिळणार नव्हता.

मी तेव्हा गोंदियात वीज खात्यात होतो. मीटरचं रीडिंग घ्यायचो. मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आम्ही एकाच गल्लीत राहायचो, आणि पाखरं पाहायचा नाद आम्हाला एकदमच लागला. रविवारी सकाळी स्कूटरवर डबलसीट निघायचं, नदीकाठच्या गावांकडे जायचं, बांधावर बसून पोहे खायचे. स्कूटर माझी, पेट्रोल अर्धं-अर्धं. दुर्बीण मात्र त्याची चांगली, माझी जत्रेतल्यासारखी. तो मला त्याची दुर्बीण मागायच्या आधीच द्यायचा. तेही मला आवडायचं नाही.

आमच्या भागात सारस आहेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांना सांगतो, माणसाच्या छातीपर्यंत, कधी डोक्यापर्यंत येणारा हा पक्षी, अंगाने राखी, मान आणि डोकं लाल. जोडीने राहतो आणि धानाच्या बांधीत घरच्यासारखा फिरतो. पूर्वी पुष्कळ होते म्हणतात. आमच्या वेळेपर्यंत बोटावर मोजण्याइतके उरले होते, म्हणून आम्ही काही मंडळींनी दर जूनमध्ये त्यांची मोजणी सुरू केली. पावसाच्या आधी लहानसहान डबकी आटतात, पाणी राहिलेल्या तलावांवर सारस रात्री येऊन थांबतात, आणि उजाडलं की शेतांत पांगतात. त्यांना पांगायच्या आत मोजायचं. सगळ्या तलावांवर एकाच पहाटे, एकाच वेळी. नाहीतर एकच सारस दोन ठिकाणी मोजला जातो.

आमच्यात एक रीत होती. पहिल्या वर्षी ज्याने जो तलाव मोजला, तो तलाव त्याचा. दरवर्षी त्यानेच मोजायचा, कारण पाखरं कुठून येतात, कुठे उतरतात, कोणत्या कोपऱ्यात दडतात हे त्यालाच ठाऊक असतं. आमच्या मंडळींचे प्रमुख वन खात्यातून रिटायर झालेले एक रेंजर होते, ते ही रीत मोठ्या कडकपणे पाळत. एकदा तलाव ठरला की ठरला.

आता ऐका. त्या मोठ्या तलावावर सारस आहेत हे आधी मी पाहिलं होतं. मी! त्या गावात मीटरं पाहत हिंडताना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढलो, तर समोर सहा उभे. त्याच संध्याकाळी मी धावत जाऊन मित्राला सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. पुढच्या आठवड्यात पहिल्या मोजणीची मीटिंग होती. मला कामावरून निघायला अर्धा तास उशीर झाला. पोचलो तर तलाव वाटून झाले होते आणि मोठ्या तलावापुढे मित्राचं नाव होतं.

“अरे, तू आला नव्हतास, दुसरा कोणी घेऊन टाकेल म्हणून मी नाव दिलं,” तो म्हणाला. “तुला पाहिजे तर आत्ता बदलून घेऊ.”

तिथेच हो म्हटलं असतं तर ही सगळी भानगड झाली नसती. पण दहा माणसांसमोर मी काय म्हटलं? “छे रे! तलाव काय अन् बोडी काय, पाखरू ते पाखरूच.” असं म्हणून मी उरलेली बोडी घेतली. बोडी म्हणजे आमच्याकडे शेतातला लहान तलाव, धानाला पाणी द्यायला बांधलेला. माझ्या वाट्याची बोडी एका राइस मिलच्या मागे होती. तिच्यात म्हशी बसत. पहिल्या वर्षी तिथे एक जोडी आली होती. मी दोन लिहिले, सही केली, फॉर्म दिला.

दुसऱ्या वर्षी बोडी रिकामी. मी साडेसातपर्यंत बसलो. म्हशी आल्या, बगळे आले, मिलचा भोंगा झाला. सारस नाही. फॉर्म मांडीवर होता. आता माझ्या कामातली एक सवय सांगतो. घराला कुलूप असलं की मीटर दिसत नाही, मग मी मागचा आकडा पाहून अंदाजाने नवा मांडायचो. पुढच्या वेळी जुळवून घेता येतं. दिवसातून दहा वेळा हात ते करायचा, त्यात पाप आहे असं मला वाटतही नव्हतं. त्या सकाळी हाताने तेच केलं. मागच्या वर्षी दोन, म्हणून यंदा दोन.

पण पुढची सगळी वर्षं मी जे केलं ते सवयीने नाही, ते मी जाणूनबुजून केलं. कारण मित्राच्या तलावावर आठ झाले, मग दहा झाले, मग अकरा. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, गळ्यात ती दुर्बीण. शाळेतली पोरं त्याला सारस गुरुजी म्हणू लागली. आणि मी जर शून्य लिहिलं असतं तर रेंजर साहेबांनी बोडी यादीतून काढली असती आणि मला म्हटलं असतं, तुम्ही आता मास्तरांच्या जोडीला जा, दोघं मिळून करा. म्हणजे माझ्याच तलावावर मी त्याचा मदतनीस! त्यापेक्षा मी दरवर्षी दोन खोटे सारस लिहिले. रिकाम्या पाण्याकडे पाहून लिहिले. जोडी, प्रौढ, निरोगी.

आठव्या वर्षी मोजणीच्या आदल्या दिवशी दुपारी तो नागपूरच्या दवाखान्यात वारला. छातीत दुखतं म्हणून दोन दिवसांपूर्वी नेलं होतं. संध्याकाळी त्याला घरी आणला. मी जाऊन बसलो, त्याच्या पायाशी. रडलोही. ते रडणं खरं होतं, त्याबद्दल शंका नको. मुलगी पुण्याहून यायची होती, म्हणून मयत दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ठरली.

घरी आलो तोच रेंजर साहेबांचा फोन. आवाज बसलेला. म्हणाले, “मोजणी पुढे ढकलता येत नाही हो. नदीपलीकडे बालाघाटवाले पण उद्याच मोजताहेत. मास्तरांनाही ते चाललं नसतं. मी काय म्हणतो, त्यांच्या तलावावर तुम्ही जाल का? तुमच्या बोडीवर बँकेतल्या मॅडमला पाठवतो.”

“हो,” मी म्हटलं. त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हटलं. बाप्पा, इतक्या पटकन माझ्या तोंडून हो कधीच निघालं नव्हतं.

बायकोने ऐकलं होतं. “उद्या जाता? मैताच्या दिवशी पाखरं पाहाले जाता? काऊन?”

“त्याचंच काम आहे,” मी म्हटलं.

“हौ, त्याचंच,” ती म्हणाली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी लाइट बंद केला. तिला माझं सगळं ठाऊक. लग्नाला वीस वर्षं झाली होती.

पहाटे स्कूटर काढली. नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे ते शेवटचे नऊ जाळणारे दिवस, नुकता सरला होता, तरी त्या वेळीही हवा गरमच. रेल्वे फाटक ओलांडलं आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बँकेतल्या मॅडम! त्या त्याच वर्षी आमच्यात आल्या होत्या. फॉर्मची एक ओळ रिकामी सोडायच्या नाहीत, पेन्सिलने लिहून मग पेनाने गिरवायच्या. त्या बोडीवर बसणार, साडेसातपर्यंत बसणार, आणि शून्य लिहिणार. सात वर्षांचं माझं दोन, आणि यांचं पहिल्याच वर्षी शून्य. मी स्कूटर बाजूला घेतली. काय करावं? फोन करावा? काय सांगावं? मॅडम, आमच्याकडचे जरा लाजरे आहेत, नाही दिसले तरी लिहून टाका? परत फिरून आपणच बोडीवर जावं आणि त्यांना तलावाकडे पाठवावं, हा एक मार्ग होता. आब वाचली असती. दोन मिनिटं मी तिथे उभा राहिलो. मग मोठ्या तलावाच्या रस्त्याला लागलो. आब गेली तर गेली, पण तो तलाव दुसऱ्याला द्यायचा नव्हता. इतकी वर्षं जळून जळून मी कोळसा झालो होतो, आता तरी एकदा तिथे बसायचं होतं.

तलावाच्या पाळीवर एक म्हातारा ढिवर, म्हणजे मासेमार, झोपडीत राहायचा, मासळीची राखण करायला. स्कूटरचा आवाज ऐकून तो कंदील घेऊन बाहेर आला. माझ्या मागे पाहिलं.

“मास्तर नाई आले?”

त्याला माहीत नव्हतं. कोण सांगणार होतं त्याला? मी सांगितलं, मास्तर काल वारले, अकराला मयत आहे. म्हाताऱ्याने कंदील खाली ठेवला आणि तो मातीवर बसला. बराच वेळ नुसता हाताने माती सारखी करत राहिला. मग म्हणाला, “मागच्या बाजारी त आले होते. माह्यासाठी तंबाखू आणले होते.” आणि रडू लागला, तोंड न झाकता, मोठ्याने.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मी मेलो तर असं कोण रडेल? ज्यांच्या घरचं बिल मी जास्त मांडलं ते तर नक्कीच नाही. नात्याचा ना गोत्याचा हा ढिवर त्याच्यासाठी रडत होता, आणि मी शेजारी उभा राहून त्या रडण्याचाही हेवा करत होतो. मेलेल्याचा हेवा करणारा माणूस किती खालच्या थराला गेला असेल ते तुम्हीच ठरवा.

म्हाताऱ्याने मला मित्राची बसायची जागा दाखवली. मोहाच्या झाडामागे, एक सपाट दगड. तिथून अख्खा तलाव दिसत होता. हळूहळू पाण्याचा रंग बदलला, पलीकडच्या काठाला बेशरमच्या झुडपांपुढे उंच उंच आकार दिसू लागले. मग पहिला ओरडला. सारसाचा आवाज लांबून ऐकला की छान वाटतो, जवळून ऐकला तर छातीत धडधडतं. एक ओरडला की त्याची जोडीदारीण ओरडते, मग दुसरी जोडी, मग तिसरी. मी मोजलं. परत मोजलं. जोड्या-जोड्यांनी मोजलं, मग एकेक करून मोजलं. सहा जोड्या आणि एक बिनजोडीचा. तेरा.

तेरा! मित्राने गेली तीन वर्षं अकरा लिहिले होते. अकराच्या वर त्याचा आकडा कधी गेला नव्हता, आणि माझ्या पहिल्याच सकाळी तेरा. माझ्या जत्रेतल्या दुर्बिणीतून तेरा! मी पेन काढलं आणि फॉर्मवर तेरा लिहिलं, आकड्यात आणि अक्षरात, आणि खाली झोकात सही ठोकली. सारस गुरुजी म्हणे. दोन सुटले की हो गुरुजी तुमचे! मी त्या दगडावर बसून हसलो. तिकडे गल्लीत त्याच्या दारात माणसं जमू लागली असतील, आणि मी इकडे त्याच्या जागेवर बसून हसत होतो.

सारस एकेक करून उडाले. म्हातारा शेजारी येऊन बसला. त्याचे डोळे पुसून झाले होते.

“किती मांडले?” त्याने विचारलं.

“तेरा.”

“तेरा त हायेतच. तीन सालापासून तेराच हायेत, मी त रोज पाहातो.” त्याने कमरेची चंची सोडली. “मंग दोन कमी नाई केले?”

“कमी? कमी कायले करू?”

“मास्तर करत. दरसाल दोन कमी मांडत. दहा होते तवा आठ मांडले, तेरा झाले त अकरा. मी इचारलो होतो, बा, काऊन कमी करता? त म्हणे, माह्या एका दोस्ताची बोडी हाये, ते दोन तिकडं मांडून होतेत. दोन्हीकडं मांडले त हिसाब चुकते.” म्हाताऱ्याने तंबाखू मळायला घेतली. “मी म्हनलो, असंन. पाखरू हाये, रातीला तिकडं जाऊन राहत असंन. तुमाले मालूम नाई काय ते?”

मी दुर्बीण पिशवीत कोंबली. 

त्याला माहीत होतं. सगळी वर्षं माहीत होतं. त्याच्या शाळेचा रस्ता त्या राइस मिलवरूनच जायचा. रोज सकाळ-संध्याकाळ तो माझ्या रिकाम्या बोडीसमोरून जात होता, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही असं नाही, आलं की मी ते हाकलून लावायचो. मोजणी झाली की तो दरवर्षी तलावावरून थेट माझ्या घरी यायचा, चपला काढता काढता विचारायचा, “किती?” मी म्हणायचो, “दोन.” तो म्हणायचा, “छान.” आणि माझ्या बायकोला चहा मागायचा. तोवर त्याच्या खिशात दोन कमी केलेला फॉर्म असायचा. जिल्ह्याची बेरीज खोटी होऊ नये म्हणून त्याने स्वतःचा आकडा खोटा केला होता. स्वतःचे दोन खरे सारस माझ्या दोन खोट्यांसाठी पुसून टाकले होते.

तुम्हाला वाटेल मला भरून आलं. नाही आलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, शिवी द्यायची होतीस! सगळ्यांसमोर म्हणायचं होतंस, हा लबाड आहे. मी भांडलो असतो, महिनाभर बोललो नसतो, मग झालं असतं गोड. पण नाही. हा वरून दान करणार, गुपचूप, आणि मला कळूही देणार नाही. म्हणजे वर्षानुवर्षं मी ज्याचा हेवा करत होतो, तो मला भीक घालत होता! आणि आता मेल्यावर त्याच्याशी भांडायची सोयही राहिली नाही.

फॉर्म पेनाने लिहिलेला होता. खोडला असता तर दिसलं असतं. तेरा तसेच राहिले.

गावातून निघालो तर स्कूटर दोनदा बंद पडली, एकदा तर नाल्याच्या चिखलातून ढकलावी लागली. घाटावर पोचलो तेव्हा चिता रचून झाली होती. मित्र बौद्ध होता. सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती, बाया पण आल्या होत्या, त्रिशरण-पंचशील सुरू होतं. माझ्या पँटीला गुडघ्यापर्यंत चिखल. लोकांनी वाट करून दिली. रेंजर साहेबांनी हात पुढे केला, मी त्यांना फॉर्म दिला. कोणीतरी मागे पुटपुटलं, “तलावावरून सरळ आला बघ बिचारा.” मी खाली मान घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

अग्नी दिल्यावर आमच्याकडे घाटावरच शोकसभा होते. शेडखाली सगळे बसतात आणि ओळखीपाळखीची माणसं एकेक करून दोन शब्द बोलतात. हेडमास्तर बोलले, एक पंचायत समितीचे सदस्य बोलले. तेवढ्यात बँकेतल्या मॅडम सरकत माझ्याजवळ आल्या. त्यांचे डोळे सुजलेले. हळूच म्हणाल्या, “सर, माफ करा. मी साडेसातपर्यंत बसले. आपल्या बोडीवरची जोडी मला नाही दिसली. माझ्याच नजरेतून सुटली असेल, मला कुठे अजून सवय आहे. रेंजर साहेबांना मी शून्य लिहून दिलं, पण सर, मला फार वाईट वाटतंय.”

“असू द्या, असू द्या,” मी म्हटलं. 

मग रेंजर साहेब उठले. हातात सगळे फॉर्म. चष्मा पुसला, आणि म्हणाले, “मित्रहो, आज सकाळी एक नवल झालं आहे. आमच्या मास्तरांच्या तलावावर दरवर्षी अकरा सारस असतात. आज तेरा होते. आणि त्यांच्या या जिवलग मित्राच्या बोडीवर जी एक जोडी दरवर्षी न चुकता असते, ती आज तिथे नव्हती. दोन तिथे कमी, दोन इथे जास्त.” त्यांचा आवाज फाटला. “मुक्या पाखरांनाही कळतं हो. ती जोडी आज आपली बोडी सोडून मास्तरांना निरोप द्यायला त्यांच्या तलावावर गेली.”

शेडखाली सगळीकडे हुंदके. हेडमास्तरांनी रुमाल काढला. मॅडम तर ओक्साबोक्शी. बायांमधून कोणी तरी म्हणालं, “किती पुण्याईचा मानूस!”

मी सुटलो होतो. कळतंय ना तुम्हाला? काही न बोलता, बसल्या जागी, मी साफ सुटलो होतो. सगळे आकडे जुळले होते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ही बातमी आली असती आणि माझं खोटं कायमचं खरं झालं असतं. नुसतं डोळे पुसत बसायचं होतं.

पण मला ते सहन झालं नाही. आज इतक्या वर्षांनी मी खरं कारण सांगतो. मला सत्याची चाड-बिड आली नव्हती. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की माझे सारस त्याच्याकडे गेले म्हणे! तलाव त्याचा, नाव त्याचं, रडणारी माणसं त्याची, आणि आता माझी जोडीही त्याचीच? खोटे का असेनात, ते दोन माझे होते!

“ते नव्हतेच,” मी उभा राहून म्हटलं. आवाज फार मोठा झाला. “माझ्या बोडीवर सारस नाहीतच. पहिल्या वर्षानंतर एकही आला नाही. मी खोटे लिहायचो. मॅडमचं शून्य बरोबर आहे. कोणी कोणाला निरोप द्यायला गेलं नाही.”

चितेतली लाकडं तडतडत होती. मॅडमनी मान वर केली, त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. रेंजर साहेब फॉर्मकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. “सात वर्षं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पहिलं सोडून सहा. ते म्हणाले, “बसा तुम्ही.” मी बसलो.

पण ते आकड्यांचे पक्के होते. जरा वेळाने स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, “म्हणजे तलावावरचे तेरा तिथलेच. मग मास्तरांनी अकरा कसे लिहिले?”

 मी रुमालामागे तोंड लपवून बसलो होतो. मग हेडमास्तर मवाळ आवाजात म्हणाले, “शुगर होती ना त्यांना. नजर कमी झाली असेल. सांगायचे नाहीत ते.”

“हां, शुगरने होतं तसं,” आणखी कोणी म्हणालं. आणि सगळ्यांनी माना हलवल्या, मेलेल्या माणसाला माफ करून टाकल्यासारख्या. रेंजर साहेबांनीही हलवली.

माझ्या तोंडाशी आलं होतं. दोन वाक्यं होती ती. ढिवराने जी मला सांगितली तीच दोन वाक्यं मी इथे सांगायची होती, बस. मी एवढं मोठं माझं पाप बोलून मोकळा झालो होतो, हे तर त्याचं पुण्य होतं, त्यात माझं काय जाणार होतं? पण ते सांगितलं असतं तर तो किती मोठा झाला असता! त्या शेडखालच्या प्रत्येक माणसाने जन्मभर ती गोष्ट सांगितली असती, आणि त्या गोष्टीत मी कोण असतो? मी ओठ आवळून बसलो.

माणसं पांगू लागली. वहिनी, मित्राची बायको, मुलीचा हात धरून चालली होती. माझ्यापाशी येऊन थांबली. मुलीला पुढे जायला सांगितलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “यांच्या नजरेतून खरंच दोन सुटत होते काय हो? मागच्या महिन्यापर्यंत सुईत दोरा मला हेच ओवून देत होते.”

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला फक्त एक शब्द पाहिजे होता, नाही. मी पँटीवरचा वाळलेला चिखल नखाने काढत होतो.

“शुगर होती वहिनी,” मी म्हटलं. “सुटतात एखाददोन.”

“असंन,” ती म्हणाली, आणि गाडीकडे गेली.

खोटं कशाला बोलू, तलाव सोडल्यापासून पहिल्यांदा मला तेव्हा बरं वाटलं.